शाळेचा सर्व्हर अपग्रेड करायचा का? आधी एक दाखला छापून बघा

३१ मे २०२५ ला आमच्या शाळेच्या सर्व्हरवरच्या उबुंटू २०.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायची मुदत संपणार होती. मार्चमध्ये मी हे मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी सरळ विचारलं, ‘एक जूनला मशीन बंद पडेल का?’ नाही पडणार, म्हटलं. ‘मग बदलायचं कशाला?’ प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मी जे जे केलं ते इथे लिहिते आहे. नाशिकमध्ये आणि आसपास माझ्यासारख्या बऱ्याच संगणक शिक्षिका आणि शिक्षक आहेत, जे तास घेऊन उरलेल्या वेळात शाळेचं नेटवर्क सांभाळतात. हे त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे पगारी नेटवर्क इंजिनियर आहे त्यांना याची गरज नाही.

आमची शाळा गंगापूर रोडच्या बाजूची, अनुदानित, पाचवी ते दहावी. लॅबमध्ये ३२ संगणक, ऑफिसात चार, शिक्षक खोलीत दोन. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कपाटाशेजारी ठेवलेला एक आय-थ्रीचा टॉवर, ८ जीबी रॅमचा. त्यावर तीन कामं चालतात. मुलांची आणि शिक्षकांची फोल्डरं, जी सांबा या फाईल शेअर करायच्या सॉफ्टवेअरवर आहेत. जनरल रजिस्टर, दाखले आणि निकाल यांचं सॉफ्टवेअर, जे पीएचपी या भाषेत आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर आहे. आणि ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेले कागद जिथे येऊन पडतात ते फोल्डर. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ ही सरकारी पोर्टलांची कामं ब्राउझरमधून होतात, त्यांचा आपल्या सर्व्हरशी संबंध नाही. हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण ऑफिसमध्ये ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द या सगळ्यासाठी सरसकट वापरला जातो.

माझी सावधगिरी कुठून आली ते आधी सांगते. २०२२ च्या जूनमध्ये हाच सर्व्हर १८.०४ वरून २०.०४ वर नेला तो मीच, एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. पडद्यावर विचारत होतं, मी हो म्हणत गेले. दोन तासांत काम झालं, लॅबमधल्या एका संगणकावरून फोल्डर उघडून बघितलं, उघडलं, आणि मी घरी गेले. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. सोमवारी सकाळी अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला न्यायला पालक रांगेत उभे, आणि आमचे क्लार्क भाऊसाहेब खिडकीतून म्हणाले, ‘बाई, नावाच्या जागी काहीतरी भलतंच येतंय.’ दाखल्यावर मुलाच्या नावाच्या ठिकाणी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच कसल्या कसल्या खुणा. दोन हजारांवर मुलांची नावं तशी. त्या दिवशी भाऊसाहेबांनी जुन्या पद्धतीने, हाताने, रजिस्टर समोर ठेवून दाखले लिहिले. एक आई कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती, तिला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. ते मला अजून आठवतं.

झालं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठी शाळांमध्ये हे घडण्याची शक्यता फार मोठी आहे. १८.०४ वर मायएसक्यूएल ५.७ होतं. त्यात अक्षरांची मूळ पद्धत, जिला कॅरेक्टर सेट म्हणतात, लॅटिन-१ असायची. आमचं सॉफ्टवेअर करणाऱ्याने ती कुठे बदललीच नव्हती. त्यामुळे मराठी नावं युनिकोडमध्ये टाइप होऊन लॅटिनच्या डब्यात भरली जात होती, आणि बाहेर काढतानाही त्याच डब्यातून जशीच्या तशी निघत होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. मायएसक्यूएल ८.० मध्ये मूळ पद्धत बदलून युनिकोडची झाली, म्हणजे तिथल्या भाषेत यूटीएफ-८ एमबी-४. मग बाहेर काढताना डेटाबेस प्रामाणिकपणे लॅटिनचं युनिकोड करून देऊ लागला आणि ‘ज्ञानेश्वर’चा चिखल झाला. नावं आत शाबूत होती. सॉफ्टवेअर ज्या फाईलमधून डेटाबेसशी जोडलं जातं तिथे जोडणीचा कॅरेक्टर सेट पुन्हा लॅटिन-१ केला की सगळं दिसू लागतं. पण हे मला बुधवारी कळलं. तुमच्याकडे असं झालं तर पहिल्यांदा एकच करा: ऑफिसला सांगा की नवीन एकही नाव भरू नका. त्या अवस्थेत नवी नोंद केली तर ती एकतर नाकारली जाते किंवा नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात, आणि मग ती नावं पुन्हा भरावी लागतात.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी निघाल्या. निकालाचं पान उघडेना, कारण तक्त्यात एका रकान्याचं नाव ‘रँक’ होतं आणि मायएसक्यूएल ८.० ने तो शब्द स्वतःसाठी राखून ठेवला आहे. रकान्याच्या नावाला उलटं अवतरण लावलं की प्रश्न सुटतो, पण ते पस्तीस ठिकाणी लावावं लागलं. आणि झेरॉक्स मशीनचे स्कॅन येणं थांबलं. सांबाच्या ४.११ पासून फाईली पाठवायची एसएमबी-१ ही जुनी पद्धत मुळात बंद असते, आमचं मशीन तेवढी एकच पद्धत जाणत होतं.

बहुतेक लोक इथे एसएमबी-१ परत चालू करतात. सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली की होतं. मी ते केलं नाही आणि तुम्हीही करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं ते याच पद्धतीतल्या खिंडारातून. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांची मशीनं दोन महिन्यांनी गेली. लॅबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन येणारी मुलं असतात, त्या जाळ्यावर हे दार उघडं ठेवायचं नसतं. आमच्या झेरॉक्स मशीनमध्ये एफटीपीने फाईल पाठवायची सोय निघाली. सर्व्हरवर एफटीपी फक्त त्या एका मशीनच्या पत्त्याला आणि एकाच फोल्डरला उघडून दिलं. भाऊसाहेबांना फरकही कळला नाही.

म्हणून २०२५ मध्ये मी पहिल्यांदा कागद घेतला आणि निर्णय तिथे केला.

पहिला प्रश्न मुदतीचा. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. १८.०४ ची मुदत २०२३ च्या मेमध्ये संपली, २०.०४ ची २०२५ च्या मेमध्ये. २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल आणि २४.०४ ची २०२९ मध्ये. उबुंटू प्रो घेतलं तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत लांबते. वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशीनपर्यंत मोफत आहे, शाळेच्या नावावर घ्यायचं तर अटी वाचून घ्या. विंडोज सर्व्हर वापरत असाल तर २०१२ आर-२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपलेली आहे, २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला आणि २०१९ ची ९ जानेवारी २०२९ ला संपेल. तुमची आवृत्ती कोणती हे आठवणीवर सोडू नका, मशीनवर बघून तारखेसह डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहा. सर्व्हर कुणी बसवला ते लोक बदलून जातात, रजिस्टर राहतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो: बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, या सर्व्हरपर्यंत कुणी पोचू शकतं का? राऊटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग नावाचा भाग असतो, बाहेरून आत यायची दारं तिथून उघडतात, तो बघा. आमच्याकडे तिथे एक नोंद सापडली. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याने घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून २०१८ मध्ये दार उघडलं होतं आणि ते सात वर्षं तसंच होतं, पासवर्डसुद्धा शाळेच्या नावाचाच. ती नोंद मी त्याच मिनिटाला काढली. हे अपग्रेडच्या आधीचं काम आहे आणि याला सुट्टीची वाट बघायची नाही. दार बंद असेल आणि सर्व्हर फक्त शाळेच्या आतच दिसत असेल, तर मुदत संपल्यावरही सुट्टीपर्यंत थांबता येतं असं माझं मत आहे. पुढच्या वर्षापर्यंत मात्र नाही. दार उघडं ठेवणं भागच असेल, तर मुदत संपलेला सर्व्हर एक आठवडाही ठेवू नये.

तिसरा प्रश्न: त्यावर चालणारं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालेल का, आणि नाही चाललं तर दुरुस्त कोण करणार? आमचं सॉफ्टवेअर करणारा आता पुण्यात नोकरी करतो, फोन उचलतो पण वेळ देऊ शकत नाही. म्हणजे दुरुस्ती माझीच. याचा हिशेब मनात ठेवूनच मी हो म्हटलं. ज्यांच्याकडे कोड वाचता येणारं कुणी नाही, त्यांनी घाई करण्याआधी तशी व्यक्ती शोधावी. आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये आणि इंजिनियरिंग कॉलेजांत असतात. आमच्याकडे असा एक मुलगा दोन रविवार येऊन बसला.

सगळंच अपग्रेड करायचं असं मात्र नाही. आमच्या ग्रंथालयात एक विंडोज ७ चा संगणक आहे. त्यावर पुस्तकांची नोंद आणि बारकोडचं जुनं सॉफ्टवेअर आहे, जे नव्या विंडोजवर उघडत नाही. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्येच संपली. तो मी तसाच ठेवला. फक्त नेटवर्कची वायर काढून घेतली, आणि महिन्यातून एकदा ग्रंथपाल बाई त्यातल्या नोंदी सीडीवर घेतात. पेनड्राइव्ह त्याला लावायचा नाही हे त्यावर चिकटवून ठेवलं आहे. पुस्तकांच्या यादीसाठी एवढं पुरतं.

सर्व्हरसाठी उत्तर ‘करायचं’ असं आलं. मग कोणत्या आवृत्तीवर? उबुंटूत एलटीएसवरून एलटीएसवर एकेक पायरीच चढता येते, २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही. एका पायरीवर थांबले असते तर २२.०४ वर आले असते, ज्याची मुदत २०२७ मध्ये संपते. नाशिकमध्ये २०२७ म्हणजे सिंहस्थ. त्या वर्षी पाहुणे, बंद रस्ते, बदललेली वेळापत्रकं यांत मला पुन्हा सर्व्हर उघडून बसायचं नव्हतं. म्हणून जुन्या डिस्कला हात न लावता नव्या डिस्कवर २४.०४ कोरं बसवायचं आणि फक्त माहिती न्यायची असं ठरवलं.

आता जे सांगते ते या सगळ्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. महात्मा गांधी रोडवरून ५०० जीबीची एक एसएसडी आणली. शाळेच्या खर्चात ती सहज बसते, मोठ्या बाईंना एका वाक्यात पटली. डिस्कची प्रत काढणाऱ्या क्लोनझिला या प्रोग्रॅमने आधी जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. मग ती प्रत लॅबमधल्या एका बिनकामाच्या संगणकावर उतरवून सुरू करून बघितली, नेटवर्कची वायर न लावता. सुरू झाली. बॅकअप ‘घेतलेला आहे’ आणि बॅकअप ‘उतरवून बघितलेला आहे’ यांत फार अंतर असतं. शाळाशाळांमध्ये बॅकअपच्या पेनड्राइव्ह कपाटात असतात, पण त्यातली फाईल कुणी उघडलेली नसते.

नवं उबुंटू त्याच लॅबच्या संगणकावर, नव्या एसएसडीवर बसवलं आणि एप्रिलचे तीन शनिवार तिथेच रंगीत तालीम केली. तालमीत काय तपासायचं हे मी ठरवलं नाही. भाऊसाहेबांना, परीक्षा विभागाच्या सरांना आणि शिपाई मामांना विचारून ठरवलं. मामांना विचारायचं कारण, रोज सकाळी मशीन तेच चालू करतात. त्यांनी सांगितलं की वीज जाऊन आली की सर्व्हर कधीकधी आपोआप उठत नाही, बटण दाबावं लागतं. हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती केली.

भाऊसाहेबांची यादी अशी: दाखला, बोनाफाईड, फीची पावती, आणि जन्मतारीख अक्षरी. या शेवटच्या गोष्टीवर त्यांचा भर होता आणि तो बरोबर होता. दाखल्यावरची जन्मतारीख पुढे आयुष्यभर चालते. आम्ही जनरल रजिस्टरमधले वीस क्रमांक काढले, मुद्दाम जोडाक्षरांची नावं घेतली, ज्ञ, श्र, ऱ्य, कृ असलेली, आणि वेगवेगळ्या वर्षांतली. प्रत्येकाचा दाखला नव्या मशीनवरून छापून जुन्या प्रतीशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवलं. भाऊसाहेब वाचत होते, मी बघत होते. दीड तास लागला.

निकालाची तपासणी परीक्षा विभागाच्या सरांनी केली आणि तिथेच मोठी चूक सापडली. २०२३-२४ चा नववीचा निकाल नव्या मशीनवर काढून छापील तक्त्याशी ताडला, तर वार्षिक परीक्षेला गैरहजर असलेली दोन मुलं त्या विषयात उत्तीर्ण दिसत होती. बेरीज बरोबर, बाकी सगळं बरोबर. कारण पीएचपी. २०.०४ वर पीएचपी ७.४ होतं, २४.०४ वर ८.३ आहे. आमच्याकडे गैरहजर मुलाच्या गुणांच्या जागी ‘गैह’ लिहितात. पीएचपी ७ अशा अक्षरांची तुलना आकड्याशी करताना अक्षरांना शून्य समजायचं, त्यामुळे ‘गैह’ ३५ पेक्षा कमी ठरून मूल अनुत्तीर्ण यायचं. पीएचपी ८ उलट आकड्यालाच अक्षरं समजतं आणि दोन शब्दांसारखी तुलना करतं, त्यात ‘गैह’ ३५ च्या पुढे जातं. पडद्यावर चुकीची सूचना वगैरे काही नाही. निकाल शांतपणे चुकीचा. ही ओळ बदलायला पाच मिनिटं लागली, पण छापील तक्ता शेजारी नसता तर ती सापडली नसती. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, नुसतं पान उघडतंय एवढं बघून थांबू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असं जुनं काम नव्या मशीनकडून करून घ्या.

प्रत्यक्ष बदल कधी करायचा? जूनचा पहिला पंधरवडा, दहावीच्या निकालानंतरचे दोन आठवडे, सत्र परीक्षेचे निकाल आणि बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस, एवढे वगळले की उरते ती मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीची. मी मे निवडला, पण मेचा दुसरा पंधरवडा टाळला. वळवाचा पाऊस आला की वारा सुटतो आणि वीज जाते. अपग्रेड किंवा डिस्कची प्रत चालू असताना वीज गेली तर डेटाबेस अर्धवट राहू शकतो. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी मुद्दाम वायर काढून तपासा. आमची ४० मिनिटं चालेल असं समजून होते, अकरा मिनिटांत संपली. नवी घेतली. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदाई चालू असते आणि इंटरनेटची केबल कधी तुटेल याचा भरवसा नाही, म्हणून लागणाऱ्या सगळ्या फाईली तालमीच्या वेळीच उतरवून ठेवल्या होत्या.

मेच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला ऑफिसला सांगून जुना सर्व्हर बंद केला, डेटाबेसची शेवटची प्रत नव्यावर घेतली, एसएसडी टॉवरमध्ये बसवली. कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं की दुपारी एकपर्यंत भाऊसाहेबांच्या यादीतलं प्रत्येक काम झालं नाही, तर जुनी डिस्क परत लावायची आणि घरी जायचं. हा कागद मोठ्या बाईंना दाखवून सही घेतली होती. तशी वेळ ठरवली नसेल तर माणूस ‘अजून दहा मिनिटं’ करत रात्री नऊपर्यंत बसतो आणि थकल्यावर चुका करतो. जुनी डिस्क परत लावायला दहा मिनिटं लागतात हे तालमीत घड्याळ लावून बघितलं होतं, त्यामुळे मन शांत होतं. साडेअकराला दाखला छापून आला. स्कॅन मात्र येईना, कारण एफटीपीला मी जुन्या सर्व्हरसारखी परवानगी द्यायला विसरले होते. तेवढं केलं, आणि बारा वाजता भाऊसाहेबांनी स्वतःच एक कागद स्कॅन करून बघितला.

जुनी डिस्क मी कपाटात कुलपात ठेवली, वर तारीख लिहून. ३१ जुलैपर्यंत ठेवायची असं ठरलं होतं, म्हणजे दाखल्यांची गर्दी आणि पहिली घटक चाचणी त्यात येऊन जाते. तोपर्यंत एकदाही ती लागली नाही. पण तिच्यात सात वर्षांतल्या सगळ्या मुलांची नावं, जन्मतारखा, जाती, पालकांचे पत्ते आणि फोन आहेत. ती भंगारात किंवा दुकानात बदली म्हणून द्यायची नाही. नुसतं डिलीट किंवा फॉरमॅट केलं तर माहिती परत काढता येते. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी लॅबमधल्या त्याच संगणकाला ती लावून संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून काढली. १ टीबीच्या डिस्कला दुपारभर लागलं. मग डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तशी नोंद केली, आणि खाली पुढच्या तपासणीसाठी लिहिलं: उबुंटू २४.०४, मुदत २०२९, आधीच्या वर्षीच्या दिवाळीत तालीम सुरू करणे.